मूल बोलत नसेल, तर बालदंतवैद्याकडून काय तपासून घ्यावे

“जीभ जड आहे, खालची शीर कापून द्या म्हणजे बोलायला लागेल,” अशी विनंती घेऊन आईवडील बालदंतवैद्याकडे नेहमीच येतात. असाच एक अडीच वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला होता. वडिलांच्या मांडीवर तो शांत बसला होता आणि तोंड तपासण्याचा छोटा आरसा हातात घेऊन त्यात दिव्याचे प्रतिबिंब पाहत होता. त्याच्या जिभेखालचा पडदा थोडा आखूड होता हे खरे, पण वरच्या ओठावर लावलेला दह्याचा थेंब त्याने जिभेने सहज चाटून घेतला. मग मी त्याच्या पाठीमागे जाऊन, त्याला माझी हालचाल दिसणार नाही अशा बेताने, दुसऱ्या आरशाची दांडी स्टीलच्या ट्रेवर जोरात आपटली. आई दचकली, वडिलांनी मान वळवली, मुलगा मात्र प्रतिबिंबातच रमलेला होता. त्या दिवशी मी शीर कापली नाही, कानांच्या तपासणीसाठी चिठ्ठी लिहून दिली. दोन्ही कानांनी त्याला फारच कमी ऐकू येते, हे त्या तपासणीत स्पष्ट झाले.

मूल बोलत नाही याचे कारण दातांत किंवा जिभेत सापडणे विरळाच. तरीही या प्रश्नात बालदंतवैद्याचा उपयोग मोठा आहे, कारण पहिला दात आल्यापासून किंवा फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत मुलाला एकदा दाखवावे आणि पुढे दर सहा महिन्यांनी दाखवत राहावे, असा बालदंतवैद्यकाचा सर्वमान्य सल्ला आहे. भाषा येण्याचा काळही नेमका हाच असतो. या वयात मुलाच्या टाळूपासून पडजिभेपर्यंत चांगल्या प्रकाशात आणि सवडीने पाहणारा दुसरा डॉक्टर सहसा नसतो. या भेटींचा पुरेपूर उपयोग कसा करून घ्यावा, हे पुढे क्रमाने सांगत आहे.

पहिली पायरी: नेमके काय अडले आहे, हे ओळखणे

बोलण्यातल्या अडचणींसाठी आपल्या भाषेत तीन नेमके शब्द आहेत: बोबडे, तोतरे आणि गेंगाणे. बोबड्या बोलण्यात अक्षरे बदलतात किंवा गळतात, तोतऱ्या बोलण्यात शब्द अडखळतो, गेंगाण्या बोलण्यात आवाज नाकातून येतो किंवा नाक चोंदल्यासारखा वाटतो. तोतरेपणाशी दातांचा संबंध नसतो, त्यामुळे त्यासाठी थेट वाचा-उपचार तज्ज्ञाकडे जावे. गेंगाण्या आवाजात टाळूची तपासणी अत्यावश्यक आहे. बोबडेपणात मात्र वय आणि अक्षर या दोन्हींचा विचार करावा लागतो.

या तिन्हींहून वेगळी आणि अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे भाषाच उशिरा येणे. अशा मुलाला शब्दच थोडे येतात, सांगितलेले कळत नाही किंवा दोन शब्द जोडता येत नाहीत. 12 महिन्यांपर्यंत “बाबाबा”सारखी बडबड किंवा बोटाने दाखवणे सुरू झाले नसेल, 16 महिन्यांपर्यंत अर्थपूर्ण असा एकही शब्द नसेल, 2 वर्षांपर्यंत “पाणी दे”, “आबा आले” अशी दोन शब्दांची जोडणी मूल स्वतःहून करत नसेल, किंवा कोणत्याही वयात आलेले शब्द गेले असतील, तर वाट पाहू नये. “याचे वडीलही चार वर्षांनी बोलले” हे वाक्य घराघरांत दिलासा म्हणून सांगितले जाते. सांगणाऱ्याच्या मनात माया असते, याबद्दल शंका नाही, पण या एका वाक्यापायी मुलांचे एकेक वर्ष वाया गेलेले मी पाहिले आहे.

दुसरी पायरी: भेटीपूर्वी घरी करायची तयारी

दवाखान्यात गेल्यावर मुले बहुधा गप्प होतात, म्हणून घरी खेळताना किंवा जेवताना मुलाचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढून आणावा. त्याच्याकडून मुद्दाम काही म्हणवून घेऊ नये, त्याचे नेहमीचे बोलणे टिपावे. मूल स्वतःहून वापरते त्या शब्दांची यादी करावी. “मंमं”, “भूभू”, “माऊ”, “हम्मा” हेही शब्दच आहेत, कारण मूल ते ठरावीक अर्थाने वापरते. घरात मराठी आणि शेजारी किंवा पाळणाघरात हिंदी, इंग्रजी अथवा कोकणी ऐकू येत असेल, तर सर्व भाषांतले शब्द एकाच यादीत लिहावेत. दोन भाषा कानावर पडल्यामुळे भाषा उशिरा येते, या समजाला आधार नाही. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी ही गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. तिथल्या डॉक्टरांनी “किती शब्द येतात?” असे विचारले की पालक केवळ इंग्रजी शब्द मोजून सांगतात आणि मूल आहे त्याहून मागे असल्याचे चित्र उभे राहते.

यादीखाली आणखी काही गोष्टी टिपून ठेवाव्यात. बाळपणी दूध पिताना ते नाकातून बाहेर येत होते का? कान वारंवार दुखतात किंवा वाहतात का? झोपेत तोंड उघडे राहते का, मूल घोरते का? अंगठा चोखते का? रात्री बाटली तोंडात ठेवून झोपते का? घास चावते की तोंडात धरून ठेवते? यांतला प्रत्येक प्रश्न पुढच्या तपासणीत उपयोगी पडतो.

तिसरी पायरी: तपासणीत काय पाहिले जाते

लहान मुलाची तपासणी खुर्चीत आडवे करून करावी लागत नाही. पालक आणि डॉक्टर समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसतात, मूल पालकाकडे तोंड करून त्यांच्या मांडीवर बसते आणि त्याला हळूच मागे झुकवून त्याचे डोके डॉक्टरांच्या मांडीवर घेतले जाते. आईचा चेहरा समोर दिसत राहतो, त्यामुळे मूल थोडे रडले तरी दोन मिनिटांत बरेच काही पाहून होते.

चांगली तपासणी तोंड उघडण्याआधीच सुरू होते. मूल नाव घेतल्यावर पाहते का, नजरेला नजर देते का, हवी ती वस्तू बोटाने दाखवते की आईचा हात धरून तिकडे नेते, ओठ मिटलेले असतात की तोंड सतत उघडे असते, लाळ किती गळते, हे सर्व मूल दवाखान्यात शिरताच दिसू लागते. मग ओठ, दात, जीभ, कठीण टाळू, मऊ टाळू, पडजीभ आणि टॉन्सिल्स या क्रमाने पाहिले जाते. तुमचे डॉक्टर केवळ कीड पाहून थांबले, तर “पडजीभ आणि टाळूही पाहाल का?” असे विचारण्यात संकोच बाळगू नये.

जिभेची शीर: कापण्यापूर्वी हे पाहा

या विषयावर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण सर्वाधिक गैरसमज इथेच आहेत. मराठी वर्णमाला तोंडातल्या जागांच्या क्रमाने लावलेली आहे. क-वर्ग कंठातून, च-वर्ग टाळूला जीभ लावून, ट-वर्ग जिभेचे टोक वर उचलून मागे वळवून, त-वर्ग दातांना जीभ लावून आणि प-वर्ग ओठ मिटून उच्चारला जातो. आता बाळाचे पहिले शब्द आठवा: आई, बाबा, मामा, काका, आबा, पापा, मंमं, भूभू, काऊ, माऊ. यांतल्या एकाही शब्दासाठी जिभेचे टोक उचलावे लागत नाही. त्यामुळे अडीच वर्षांचे मूल यांतला एकही शब्द बोलत नसेल, तर जिभेखालची शीर हे त्याचे कारण असू शकत नाही, आणि ती कापल्याने शब्द येणार नाहीत. जीभ बांधलेली असण्याचा भाषा उशिरा येण्याशी कार्यकारण संबंध संशोधनात दिसलेला नाही. पुढे बोलण्यात अडचण येऊ नये म्हणून तान्हेपणीच शीर कापून ठेवावी, या सल्ल्यालाही पुरावा नाही. बाळाला स्तनपान करताना पकड घेता येत नसेल आणि आईला वेदना होत असतील, तर तो प्रश्न निराळा आहे. त्याचा निर्णय बालरोगतज्ज्ञ आणि स्तनपान सल्लागार यांच्याशी बोलून घ्यावा.

मग शिरेचा विचार कधी करावा? मूल भरपूर बोलते, वाक्ये करते, सगळे समजते, पण “ट, ड, ण, ल, ळ, र” ही अक्षरे त्याला वयानुसार जमत नाहीत, तेव्हा. हीच अक्षरे जिभेच्या टोकाची उचल मागतात. तोंड उघडे ठेवून जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे लावता येते का, जीभ बाहेर काढल्यावर टोकाला बदामासारखी खाच पडते का, वरच्या ओठावरचे दही चाटता येते का, हे डॉक्टर पाहतात. इथेही वयाचे भान हवे, कारण “र” आणि “ळ” सर्वच मुलांना उशिरा येतात आणि तीन वर्षांच्या मुलाने “राम”ला “लाम” म्हणणे स्वाभाविक आहे. त्याचप्रमाणे “काका”ला “ताता” म्हणणाऱ्या मुलाची जीभ दातांपर्यंत व्यवस्थित पोहोचते आहे, हे त्याच्या “त”वरूनच सिद्ध होते. ती सवय साधारण साडेतीन वर्षांपर्यंत आपोआप सुटते. न सुटल्यास वाचा-उपचार घ्यावेत.

माझा स्पष्ट आग्रह असा आहे की, वाचा-उपचार तज्ज्ञाने आधी मुलाचे उच्चार तपासून लेखी मत दिल्याशिवाय बोलण्याच्या कारणासाठी शीर कापून घेऊ नये. कापल्यानंतरही जुनी सवय लगेच सुटत नाही. जिभेला नवी जागा शिकवण्याचे काम वाचा-उपचारातच होते.

मधात वेखंड उगाळून जिभेला लावण्याची पद्धत अजूनही बऱ्याच घरांत आहे, म्हणून तिच्याविषयीही सांगतो. 1 वर्षाच्या आतील बाळाला मध अजिबात देऊ नये, कारण त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. त्यानंतरच्या वयातही जिभेवरचा मध दातांना चिकटून राहतो आणि कीड वाढवतो.

गेंगाणा आवाज आणि टाळू

गेंगाण्या आवाजाचे दोन प्रकार आहेत आणि त्यांचे उपचार परस्परविरुद्ध आहेत, म्हणून ते वेगळे ओळखणे फार महत्त्वाचे आहे. पहिल्या प्रकारात हवा नको तिथे नाकात निसटते. थंड आरसा नाकपुडीखाली धरून मुलाला “पापा”, “बाबा”, “काका” म्हणायला लावले असता आरशावर वाफ जमली, तर मऊ टाळू नाकाकडचा मार्ग नीट बंद करत नाही, असा संशय घ्यावा. “मामा” म्हणताना वाफ जमणे नैसर्गिक आहे, त्यामुळे तो शब्द या चाचणीत घेत नाहीत. दुसऱ्या प्रकारात नाकच बंद असते. मूल “मामा” म्हणते आणि ऐकणाऱ्याला ते “बाबा”सारखे वाटते, आणि त्याच्या नाकपुड्या चिमटीत धरल्या तरी आवाजात फरक पडत नाही. अशा मुलांत नाकामागची अ‍ॅडिनॉइड ग्रंथी वाढलेली असते किंवा अ‍ॅलर्जी असते. तोंडाने श्वास घेणे, घोरणे आणि कानात पाणी साठून ऐकू कमी येणे हे त्यासोबत येते.

उघडी दुभंगलेली टाळू जन्मतःच दिसते, पण त्वचेखाली झाकलेली दुभंग टाळू वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. पडजिभेचे टोक दोन भागांत फाटलेले असणे, मऊ टाळूच्या मधोमध निळसर पातळ रेघ दिसणे आणि कठीण टाळूच्या मागच्या कडेला बोटाला खाच लागणे ही तिची तीन लक्षणे आहेत. तिन्ही लक्षणे दंतवैद्याला एका मिनिटात तपासता येतात. दूध नाकातून येत होते, या नोंदीचा उपयोग इथे होतो. हे निदान आधी होणे आवश्यक आहे, कारण अशा मुलाची अ‍ॅडिनॉइड ग्रंथी काढली, तर नाकाकडचा मार्ग आणखी मोकळा होतो आणि बोलणे अधिकच गेंगाणे होते. म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाताना दंतवैद्याने पडजिभेविषयी लिहिलेली नोंद बरोबर न्यावी.

जगभरात साधारण 700 जन्मांमागे एका बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेली असते. अशा बाळासाठी बालदंतवैद्याचे काम पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होते. तोंडात बसवायची छोटी प्लेट तयार करून ती वेळोवेळी घासून आणि भरून हिरडीचे दोन भाग जवळ आणले जातात, नाकाला आकार दिला जातो आणि शस्त्रक्रिया सोपी होते. ओठाची शस्त्रक्रिया साधारण 3 ते 6 महिन्यांत आणि टाळूची 9 ते 18 महिन्यांत केली जाते. टाळूची शस्त्रक्रिया वेळेत होण्यावर पुढचे उच्चार अवलंबून असतात, कारण “प”, “ट”, “क” यांसाठी तोंडात हवेचा दाब धरावा लागतो. या मुलांच्या कानात जवळजवळ नेहमीच पाणी साठते, म्हणून टाळू शिवून झाली तरी कानांची तपासणी चालू ठेवावी. स्माइल ट्रेन या संस्थेशी जोडलेल्या भारतातील रुग्णालयांत या शस्त्रक्रिया मोफत होतात.

दात, अंगठा आणि बोबडेपणा

रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांचे वरचे पुढचे दात सर्वांत आधी किडतात. दुखणाऱ्या दातांमुळे मूल नीट जेवत नाही, झोपत नाही आणि चिडचिडे होते. त्यामुळे ते वाचा-उपचाराच्या सत्रातही रमत नाही. म्हणून आधी वेदना थांबवाव्यात. दात वाचण्यासारखे असतील, तर ते भरून त्यांवर दातांच्या रंगाचे क्राऊन बसवता येतात.

पुढचे दात काढावेच लागले, तर “आता मूल बोबडे होईल” ही चिंता पालकांना छळते. “स”, “त”, “थ”, “व” या अक्षरांत काही काळ फरक पडतो, पण बहुतेक मुले आपापली जुळवून घेतात. तोंडात बसवायचे कृत्रिम दात मुख्यतः दिसण्यासाठी असतात. बोलण्यासाठी ते आवश्यकच आहेत, असे कोणी सांगितले तर त्याला घाबरून होकार देऊ नये. मूल तीन वर्षांहून लहान असेल, एकदम चार दात जाणार असतील आणि त्याचे उच्चार आधीच अडलेले असतील, तर मात्र वाचा-उपचार तज्ज्ञांचे मत विचारावे. सहा ते आठ वर्षांच्या वयात दात पडल्यावर येणारा बोबडेपणा नवे दात आले की जातो.

अंगठा चोखण्याची सवय बहुतेक मुले 2 ते 4 वर्षांच्या दरम्यान सोडतात. त्यानंतरही ती टिकली, तर दाढा मिटल्यावर पुढच्या दातांत फट राहते, जीभ त्या फटीतून बाहेर येते आणि “स” अस्पष्ट होतो. अंगठ्याला कडू औषध लावणे, चारचौघांत रागावणे यांनी मूल खचते. मुलाची स्वतःची तयारी झाल्यावर, सहसा पाच-सहा वर्षांनंतर, तोंडात सवय मोडणारे उपकरण बसवता येते. त्याने पहिले काही दिवस बोलणे बिघडते, त्यामुळे ते कधी बसवायचे, हे वाचा-उपचार तज्ज्ञांना विचारून ठरवावे.

पुढे कोणाकडे जायचे

दंतवैद्यांकडून निघताना तोंडी सल्ल्यावर समाधान मानू नये. जीभ, टाळू, पडजीभ, दात आणि श्वासाची पद्धत यांविषयी काय आढळले, ते लिहून घ्यावे. भाषा उशिरा येत असेल, तर पहिली तपासणी कानांचीच करावी. मूल टाळीला वळून पाहते किंवा टीव्हीच्या आवाजाला धावत येते, यावरून कान चांगले आहेत असे ठरत नाही, कारण काही मुलांना मोठे किंवा जाड आवाज ऐकू येतात पण “स”, “श” यांसारखी बारीक अक्षरे येत नाहीत. ओएई आणि बेरा या ऐकण्याच्या यंत्राने होणाऱ्या चाचण्या आहेत; मुलाने उत्तर द्यावे लागत नाही, म्हणून त्या लहानग्यांवरही करता येतात. बेरासाठी मूल झोपलेले असावे लागते. एखाद्या मुलाचे दातांचे बरेच काम भूल देऊन करायचे ठरले असेल, तर मोठ्या रुग्णालयात त्याच भुलेत बेरा करून घेता येईल का, हे आवर्जून विचारावे.

त्यानंतर वाचा-उपचार तज्ज्ञाकडे जावे आणि त्यांची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी आहे का, हे पाहावे. मूल नजर देत नसेल, बोटाने दाखवत नसेल किंवा आलेले शब्द गेले असतील, तर त्याच वेळी विकासात्मक बालरोगतज्ज्ञांनाही दाखवावे. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था 1983 पासून हेच काम करत आहे. इतरत्र राहणाऱ्यांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा मार्ग खुला आहे. फेब्रुवारी 2013 मध्ये या कार्यक्रमाची सुरुवात आपल्या पालघरमधूनच झाली होती. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असलेल्या या कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांतल्या मुलांची एकदा तपासणी होते. भाषा उशिरा येणे, बहिरेपणा, दुभंगलेला ओठ-टाळू आणि किडलेले दात हे सारे तिच्यात समाविष्ट आहे. या कार्यक्रमाच्या जिल्हा पातळीवरील केंद्रांच्या रचनेत दंतवैद्य आणि वाचा-उपचार तज्ज्ञ एकाच छताखाली असणे अपेक्षित आहे. अंगणवाडी सेविकेला विचारल्यास तिथपर्यंतचा मार्ग कळतो.

वाचा-उपचार चालू असलेल्या मुलाची दातांची भेट

अशा मुलाच्या भेटीपूर्वी दवाखान्याला फोन करून दिवसातली पहिली वेळ मागावी आणि मुलाला काय कळते, काय आवडत नाही, हे सांगून ठेवावे. घरी दातांना, पाण्याला, तोंड उघडण्याला जे शब्द वापरले जातात, तेच शब्द डॉक्टरांना लिहून द्यावेत. बालदंतवैद्य “सांगा, दाखवा, मग करा” या पद्धतीने काम करतात आणि ही पद्धत भाषा शिकवण्यासाठीही फार उपयोगी आहे. “आरसा” असे म्हणायचे, आरसा मुलाच्या तळहातावर ठेवायचा, मग “आरसा तोंडात” असे म्हणत तो आत न्यायचा. पाण्याची पिचकारी बोटावर उडवून “पाणी आलं”, थांबल्यावर “पाणी गेलं” असे म्हणायचे. आवाज सहन न होणाऱ्या मुलाला पहिल्या भेटीत केवळ खुर्ची वर-खाली करून “वर”, “खाली” एवढेच शिकवून घरी पाठवले, तरी ती भेट वाया गेलेली नसते. खुर्चीची चार-पाच छायाचित्रे मोबाइलवर काढून घरी रोज क्रमाने दाखवावीत, म्हणजे पुढच्या वेळी काय होणार, हे मुलाला शब्दांवाचून कळते.

पुढची भेट तीन महिन्यांनी ठरवावी. येताना वाचा-उपचार तज्ज्ञांचा अहवाल, नवा व्हिडिओ आणि शब्दांची तीच जुनी यादी बरोबर आणावी आणि नवे शब्द वेगळ्या शाईने लिहावेत.